पायडलची गाडी : मोबिलेट, सुवेगा आणि लूना

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या पेठ तालुक्यात अजूनही एक गंमत कानी पडते. दारात कोणाची नवीकोरी टी.व्ही.एस.ची छोटी गाडी उभी असली, तरी म्हातारी माणसे विचारतात, "ही लूना कोणाची रं?" वास्तविक लूना हे एका कंपनीच्या एका गाडीचे नाव. परंतु वनस्पती तुपाला ज्याप्रमाणे आपण डालडा म्हणू लागलो, त्याचप्रमाणे त्या साऱ्या जातीच्या गाड्यांना खेड्यापाड्यांत लूना हेच नाव पडून गेले. अशी गोष्ट आपल्याकडेच झाली असे नाही. फ्रान्समध्ये आणि एके काळी फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या पश्चिम आफ्रिकेतील देशांत अशा गाडीला, मग ती कोणत्याही कारखान्याची असो, 'मोबिलेट' म्हणतात. मोबिलेट हेही मुळात एका कारखान्याच्या एका गाडीचे नाव होते. ही मोबिलेट आपल्या लूनाची सख्खी बहीण नव्हे. पण चुलत बहीण म्हणावयास हरकत नाही. आणि तिची एक सख्खी मुलगी तर आपल्या देशात, तिरुपतीला, नांदली होती.

प्रस्तुत लेखात या घराण्याची हकिकत सांगण्याचा विचार आहे. आपल्या वार्षिक अंकात ज्ञानेश्वरांवर, सावरकरांवर, स्त्रीशिक्षणावर लेख येतात आणि ते यावयासच हवेत. मोपेडवर लेख कशाला, असे एखाद्या प्राध्यापकांना वाटेल. त्यास माझे उत्तर एवढेच, की ज्या घरांत पुस्तक आधी आले त्या घरांचा इतिहास पुस्तकांत सापडतो. आमच्या घरी पुस्तकाच्या आधी लूना आली.

प्रथम ही 'मोपेड' म्हणजे काय ते पाहू. हा शब्द स्वीडनमध्ये १९५२ साली तयार झाला. 'मोटर' आणि 'पेडल' या दोन शब्दांची पहिली अक्षरे जोडून कोणी पत्रकाराने तो बनविला आणि तो जगभर रूढ झाला. आपल्याकडील 'पायडलची गाडी' हा शब्द काही कमी नेमका नाही. इंजिन पन्नास घनसेंटिमीटरांच्या आत, वजन एका माणसाला उचलता येईल इतके, आणि सायकलीसारखे पायडल. हे पायडल शोभेचे नव्हते. गाडी स्टँडवर लावून पायडल मारले की इंजिन सुरू होई, चढावर इंजिन थकले की पायडल मारून त्याला हातभार (म्हणजे पायभार!) लावावा लागे, आणि पेट्रोल संपले तर घरापर्यंत सायकलीप्रमाणे येता येई.

आता फ्रान्सकडे वळू. १९२३ साली शार्ल बन्वा आणि आबेल बार्दां या दोघांनी पॅरिसला लागून असलेल्या पाँतँ या गावी 'मोटोबेकान' नावाची कंपनी काढली. 'बेकान' हा फ्रेंच बोलीभाषेतील सायकलीसाठीचा शब्द. आपण ज्या आपुलकीने 'फटफटी' म्हणतो, तसाच काहीसा. त्यांची पहिली गाडी १७५ घनसेंटिमीटरांची होती, हलकी, टू-स्ट्रोक इंजिनाची आणि पट्ट्यावर चालणारी. पहिले महायुद्ध संपून पाच वर्षे झाली होती, मोठ्या मोटारसायकली श्रीमंतांनाच परवडत. तेव्हा सायकलीच्या वरची आणि मोटारसायकलीच्या खालची अशी एक पायरी असावी, हा विचार या दोघांनी ओळखला. पुढे १९२६ साली त्यांनी 'मोटोकॉन्फोर' हे दुसरे नाव घेऊन जवळजवळ त्याच गाड्या विकावयास काढल्या. मधल्या काळात त्यांनी मोठी इंजिनेही केली. पण कंपनीचे नाव जगात झाले ते मोठ्या गाड्यांनी नव्हे.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. पेट्रोल दिसेनासे झाले, लोक पुन्हा सायकलीवर आले. युद्ध संपले तेव्हा देश दरिद्री झाला होता, पण कामावर तर जावयाचे होते. अशा वेळी १९४६ साली 'व्हेलोसोलेक्स' बाजारात आली. हिची युक्ती मोठी मजेशीर होती. सायकलीच्या पुढच्या चाकावर एक लहानसे इंजिन बसविलेले, आणि त्याखाली एक लाटण्यासारखा रूळ. दांडा ओढला की रूळ टायरवर टेके आणि घासून चाक फिरवी. पावसात टायर ओला झाला म्हणजे रूळ घसरे, हे उघडच आहे. आमच्या पेठच्या पावसात ती गाडी आषाढात घरीच ठेवावी लागली असती.

१९४९ साली मोटोबेकानने मोबिलेट काढली. बन्वा यांच्याबरोबर एरिक झोल्म नावाच्या अभियंत्याने ती घडविली. तिचे पहिले रूप म्हणजे मजबूत सायकल आणि तिच्या पोटात टांगलेले पन्नास घनसेंटिमीटरांचे इंजिन. फ्रान्समध्ये कामगार, शेतकरी, शाळा-कॉलेजांतील मुले, चर्चचे पाद्री, पोस्टमन सारे तिच्यावर बसले. सँ-काँतँ या उत्तरेकडील गावातील कारखान्यातून त्या लाखांनी बाहेर पडल्या. पुढच्या पन्नास वर्षांत सर्व प्रकार मिळून सुमारे एक कोटी चाळीस लाख मोबिलेट तयार झाल्या. या आकड्यापुढे मोठमोठ्या नामांकित मोटारसायकलींचे आकडे फिके पडतात. परंतु मोटारसायकलींच्या इतिहासाची चित्रमय पुस्तके चाळली तर त्यांत शर्यतीच्या गाड्यांना पाने आणि मोबिलेटला ओळी, असे दिसते. शर्यत पाहणारे लिहितात, कामावर जाणारे लिहीत नाहीत, हेच त्याचे कारण असावे.

या गाडीचे यंत्र कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगतो. कारण पुढे ती का टिकली आणि का संपली, हे त्यावरूनच कळते.

आपल्या हल्लीच्या मोटारसायकलींचे इंजिन फोर-स्ट्रोक असते. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, दोनदा वर आणि दोनदा खाली झाला की एकदा ठिणगी कामी येते. मोपेडचे इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टन वर जात असताना वरच्या बाजूला पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबले जाते आणि त्याच वेळी खालच्या बंद खोलीत (तिला क्रँककेस म्हणतात) नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली फेकला जातो. खाली येता येता तो नळीच्या भिंतीतील एक भोक उघडतो, त्यातून जळलेला धूर निसटतो. लगेच दुसरे भोक उघडते आणि खालच्या खोलीतील ताजे मिश्रण वर चढते. म्हणजे पिस्टनच्या प्रत्येक फेरीला एक भडका. व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडझाप करणारी यंत्रणा नाही. हलणारे भाग जेमतेम तीन-चार. इंजिन हलके, स्वस्त, आणि झाडाखाली बसून पान्हा-स्क्रूड्रायव्हरने उघडता येईल असे.

पण या साधेपणाची किंमत आहे. मिश्रण क्रँककेसमधूनच जात असल्याने तेथे वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावे लागते, साधारणपणे लिटरला तीस-चाळीस मिलिलिटर. जुन्या लोकांना आठवत असेल, पेट्रोल पंपावर एक काचेचे किंवा पत्र्याचे यंत्र असे. त्याचा दांडा दाबला की हिरवे-निळे 'टू-टी' तेल मोजून पडे. हे तेल पेट्रोलाबरोबर जळते आणि निळसर धूर होतो. त्याची काजळी प्लगवर आणि सायलेन्सरमध्ये साचते. म्हणून मोपेडवाल्याच्या खिशात एक पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा असावयाचाच. शिवाय धूर बाहेर जाण्याचे भोक आणि ताजे मिश्रण आत येण्याचे भोक काही क्षण एकदमच उघडी असतात, त्यामुळे थोडे न जळलेले पेट्रोल धुराबरोबर निघून जाते. ही गळती १९४९ साली कोणी मनावर घेतली नाही. पन्नास वर्षांनी तीच जिवावर बेतली. ते पुढे येईल.

दुसरी गोष्ट चढाची. आम्हा घाटातल्या लोकांना ही फार महत्त्वाची. सुरुवातीच्या मोपेडचे इंजिन दीड अश्वशक्तीच्या आतबाहेर असे. आपल्याला हे क्षुल्लक वाटते. पण धडधाकट माणूस सायकलीचे पायडल मारून सलग जो जोर लावू शकतो तो साधारण एक दशांश अश्वशक्ती. म्हणजे पन्नास घनसेंटिमीटरांच्या त्या डब्यात पंधरा सायकलस्वार बसविलेले आहेत असे समजा. मग चढावर ते पंधराजण का हरतात? कारण त्यांचा पूर्ण जोर इंजिन वेगाने फिरत असतानाच मिळतो. एकच गिअर असलेली गाडी चढाला लागली की वेग कमी होतो; वेग कमी झाला की इंजिनाच्या फेऱ्या कमी होतात; फेऱ्या कमी झाल्या की जोर कमी होतो; आणि जोर कमी झाला की वेग आणखी कमी होतो. अशा वेळी सोळाव्या माणसाने पायडलवर उभे राहावे लागते. नाशिकहून पेठला येताना सावळघाटात आणि कोटंबीच्या घाटात पूर्वी हे दृश्य नेहमीचे होते, असे मोठी माणसे सांगतात.

यावर मोबिलेटवाल्यांनी जो तोड काढला, तो मला या साऱ्या हकिकतीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यांनी इंजिनाच्या टोकाला दोन फाकांची पुली बसविली. इंजिन जोरात फिरू लागले की आतील गोळे केंद्रापासून दूर फेकले जातात आणि त्या फाका जवळ येतात. फाका जवळ आल्या की पट्टा वर चढतो, म्हणजे जणू मोठी पुली होते. चढाला लागून फेऱ्या मंदावल्या की फाका दूर जातात, पट्टा खाली उतरतो, आणि पुली लहान होते. सायकलीचा गिअर बदलावा तसा, पण हात न लावता. मात्र पुली लहानमोठी झाल्यावर पट्टा सैल पडेल, त्याचे काय? म्हणून त्यांनी इंजिनच बिजागरीवर टांगले. पट्ट्याच्या ओढीप्रमाणे अख्खे इंजिन मागेपुढे झुले आणि पट्टा नेहमी ताणलेला राही. आज ज्या बिनगिअरच्या स्कूटरवर आपल्या वर्गातील निम्मी मुले-मुली येतात, तिच्या पोटात हेच फाकांच्या पुलीचे तत्त्व सुधारून बसविलेले आहे.

आता आपल्या देशाकडे. १९६०च्या दशकात तिरुपती येथील 'मोपेड्स इंडिया' या कंपनीने मोटोबेकानशी तांत्रिक सहकार्य करून मोबिलेट भारतात बनविली. तिचे नाव ठेवले 'सुवेगा'. नाव अस्सल संस्कृत, चांगल्या वेगाची ती. सुवेगाचा वेग पाहता नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी होती असे म्हणावे लागेल. पण पायी चालणाऱ्याला ताशी तीस-चाळीस किलोमीटर हा सुवेगच. पॅरिसच्या उपनगरात जन्मलेली गाडी व्यंकटेशाच्या पायथ्याशी तयार होत होती, ही गोष्ट आता कितीजणांस ठाऊक असेल? सुवेगा दक्षिणेत बरीच चालली, महाराष्ट्रातही आली. पण आपल्याकडचे मैदान मारले ते लूनाने.

त्या काळची परिस्थिती आमच्या पिढीला खरी वाटत नाही. १९५१च्या औद्योगिक कायद्याखाली कोणत्या कारखान्याने किती गाड्या बनवाव्या याला सरकारचा परवाना लागे. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. मुलगी झाली की स्कूटर नोंदवा, लग्नापर्यंत मिळेल, असे विनोद त्या वेळी रूढ होते. नंबर लागलेली स्कूटर ज्यादा पैसे घेऊन दुसऱ्याला देणे हाही एक धंदाच होता. आणि ज्याला नोंदणीचे पैसेच भरता येत नव्हते त्याने काय करावे? त्याने सायकल चालवावी. सायकल आणि स्कूटर यांच्यामध्ये काहीच नव्हते. फ्रान्समध्ये १९२३ साली बन्वा आणि बार्दां यांना जी रिकामी पायरी दिसली, तीच पायरी पन्नास वर्षांनी पुण्यात हस्तीमल फिरोदिया यांना दिसली.

फिरोदिया घराणे अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर). हस्तीमल यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे स्वातंत्र्यलढ्यातील पुढारी आणि १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. थोरले बंधू नवलमल यांचे नाव ऑटोरिक्षा आणि टेंपो यांच्याशी निगडित आहे. म्हणजे गरिबाच्या आणि मध्यमवर्गाच्या चाकांचा विचार या घरात आधीपासून होता. हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग ही कंपनी काढली आणि १९७२ साली लूना बाजारात आणली. त्यांचे पुत्र अरुण फिरोदिया हे मुंबईच्या आय.आय.टी.तून आणि अमेरिकेतील एम.आय.टी.तून शिकून आलेले. त्यांनी हे काम पुढे वाढविले. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लूनाचे मूळ फ्रेंच नव्हे, इटालियन. पियाज्जो या कंपनीने १९६७ साली 'चिआओ' नावाची मोपेड काढली होती. तिच्यावरून लूना केली. चिआओ म्हणजे इटालियनमध्ये भेटतानाचा आणि निरोपाचाही शब्द, आपल्या 'रामराम'सारखा. लूना म्हणजे चंद्र. पियाज्जोने मोबिलेटचे यश पाहिलेले होतेच. चिआओत सायकलीच्या नळ्यांऐवजी दाबलेल्या पत्र्याचा सांगाडा होता, पेट्रोलची टाकी सांगाड्यातच लपविलेली, आणि मधला भाग खाली वाकविलेला. त्यामुळे साडी किंवा धोतर नेसलेल्या माणसालाही तिच्यावर सहज बसता येई. इटलीच्या कारागिरांनी धोतराचा विचार केला नसणार, पण ते आमच्या कामी आले. वजन चाळीस किलोच्या आसपास. येथे आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. बजाजची स्कूटरही मुळात पियाज्जोच्याच व्हेस्पावरून झाली होती आणि तो करार १९७१ साली संपला. म्हणजे एका इटालियन घराण्याची थोरली आणि धाकटी, दोघीही पुण्यातच नांदावयास आल्या.

१९७२ हे साल आमच्या आजीच्या तोंडी वेगळ्याच कारणाने आहे. दुष्काळाचे साल. त्या वर्षी ती रोजगाराच्या कामावर रस्त्याची खडी फोडीत होती. पुण्यात लूना निघाली हे तिला कोठून कळणार? पुढच्याच वर्षी, १९७३च्या ऑक्टोबरात, अरब देशांनी तेल रोखले आणि जगभर पेट्रोल महागले. ज्या गाडीला थोडेसे पेट्रोल पुरते तिचे दिवस आले. पुण्या-मुंबईकडे शिक्षक, कारकून, विमा एजंट, दूधवाले लूनावर दिसू लागले. आणि महत्त्वाचे म्हणजे स्त्रिया. पुण्याच्या रस्त्यांवर बाया स्वतः गाडी चालवीत जाऊ लागल्या त्यात लूनाचा वाटा फार मोठा आहे. ती हलकी होती, पडली तर उचलता येई, गिअर नव्हते, आणि ती सायकलीसारखी दिसत असल्याने घरच्यांचाही धीर होई. समाजसुधारणेच्या इतिहासात या मुद्द्याला परिच्छेदभर तरी जागा द्यावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे.

१९८० साली दक्षिणेत होसूर येथून टी.व्ही.एस. ५० आली. तिच्यावर दोघांना बसता येई, आणि त्यामुळे साऱ्या बाजाराचे चित्र बदलले. बजाजनेही १९८१ साली आपली एम-५० काढली. लूनाचेही मग टी.एफ.आर., डबल प्लस, मॅग्नम असे निरनिराळे प्रकार निघाले. त्याच दशकात 'चल मेरी लूना' ही जाहिरात दूरदर्शनवर घरोघर पोहोचली. १९८४ साली कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर हातमिळवणी करून बिनगिअरची कायनेटिक होंडा काढली. तिच्यात तीच फाकांची पुली होती.

पेठसारख्या ठिकाणी लूना आली ती बहुधा नोकरदारांबरोबर. आमचा तालुका डोंगराचा, कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी वस्तीचा. भात, नागली, वरई यांवर जगणारा, आणि हंगाम संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारा. पाडे दूर दूर. एस.टी. दिवसातून एक-दोनदा, ती चुकली की दिवसच चुकला. आश्रमशाळेचे मास्तर, ग्रामसेवक, उपकेंद्राच्या नर्सबाई यांच्याकडे गावाने पहिली लूना पाहिली. मास्तर पूर्वी शनिवारी दुपारी गाव सोडीत आणि सोमवारी अकरापर्यंत येत. लूना आल्यावर ते सोमवारी प्रार्थनेला उभे असत, असे आमच्या गावचे एक आजोबा सांगतात. शाळेचा तास वाढला तो लूनामुळे! हे थोडे चेष्टेचे असेल, पण अगदी खोटेही नसावे.

आमच्या मामांनी १९९८ साली नाशिकच्या एका मास्तरांकडून जुनी लूना घेतली. मामा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांचा धंदा पाड्यांवरून भाजी, आंबे, करवंदे गोळा करून आठवडे बाजारात आणण्याचा. आधी ते डोक्यावर पाटी घेऊन चालत. डोक्यावर वीस किलो घेऊन एका दिवसात एकच बाजार होतो. लूनाच्या मागील कॅरिअरला दोन बाजूंनी गोण्या आणि पुढच्या मोकळ्या जागेत एक क्रेट असा चाळीस-पन्नास किलोचा माल ते आणू लागले आणि दोन पाड्यांचा माल एका दिवसात होऊ लागला. त्यातूनच त्यांनी माझ्या आईला, म्हणजे आपल्या बहिणीला, कठीण दिवसांत हात दिला, आणि माझी दहावीची पुस्तके त्यातूनच आली. म्हणून वर मी पुस्तकाच्या आधी लूना आली असे म्हटले. ते अलंकारिक नाही, हिशेबाचे आहे.

आता उतरणीची हकिकत. ती फ्रान्सला आधी सुरू झाली. १९७४ साली मोटोबेकानने व्हेलोसोलेक्सही आपल्याकडे घेतली होती, कंपनी वैभवात होती. पण तरुण मुलांना आता जपानी गाड्या हव्या होत्या, आणि जे कमावते झाले ते मोटारीत बसू लागले. १९८०च्या सुमारास कंपनी कर्जात बुडाली. १९८४ साली ती 'एम.बी.के.' या नव्या नावाने उभी राहिली आणि १९८६ साली जपानच्या यामाहाने ती ताब्यात घेतली. मोबिलेटचे उत्पादन कसेबसे १९९०च्या दशकाअखेरपर्यंत चालले.

आपल्याकडे १९८५ साली हिरो होंडाची शंभर घनसेंटिमीटरांची फोर-स्ट्रोक मोटारसायकल आली. तिला तेल मिसळावे लागत नव्हते, दोघे-तिघे बसत, आणि ती लिटरला इतके किलोमीटर देई की मोपेडचा काटकसरीचा मानच गेला. १९९१नंतर परवान्यांचे राज्य संपले, गाड्या हप्त्याने मिळू लागल्या, आणि ज्याला एके काळी लूनाही स्वप्न वाटे तो सरळ मोटारसायकल घेऊ लागला. शेवटी २००० सालापासून देशभर धुराचे नियम कडक झाले. वर सांगितलेली ती गळती, ते तेल जळणे, हे सारे आता गुन्ह्यात जमा झाले. पुढील काही वर्षांत लूनाचे उत्पादन थांबले. टी.व्ही.एस.ने मात्र आपली मोपेड सोडली नाही. २०१५ साली तिला शंभर घनसेंटिमीटरांचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवून नवी केली. म्हणूनच आमच्याकडे आज दिसते ती टी.व्ही.एस., आणि तिला नाव लूना.

२०२४च्या फेब्रुवारीत फिरोदिया घराण्याच्याच कायनेटिक ग्रीन या कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना आणली. अरुण फिरोदियांच्या कन्या सुलज्जा फिरोदिया-मोटवानी या कंपनीच्या प्रमुख आहेत. दोन किलोवॅट-तासांची बॅटरी, ताशी पन्नासचा वेग, आणि एका भरणीत ११० किलोमीटर असा कंपनीचा दावा. तेल नाही, धूर नाही, काजळी नाही. विजेच्या मोटारीचा आणखी एक गुण असा की ती मंद फिरतानाच पूर्ण जोर देते. म्हणजे ज्या कोड्याने मोबिलेटवाल्यांना पुली आणि बिजागरी शोधावी लागली, ते कोडे येथे उरतच नाही. माझी शंका दोनच ठिकाणी आहे. ते ११० किलोमीटर सपाटीचे; पन्नास किलो माल आणि सावळघाट धरून किती, हे आमच्या तालुक्यात कोणीतरी मोजून पाहिले पाहिजे. आणि वीज गेलेल्या पाड्यावर ती भरावयाची कोठे? पायडल तर तिला नाहीतच. पायडल नसलेल्या गाडीला मोपेड म्हणावे काय, हा व्याकरणाचा प्रश्न मी मराठी विभागाकडे सोपवितो.

मामांची लूना अजून आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. मामांनी ती वाढवून घेतली. सुटे भाग दुर्मिळ झाले आहेत. पिस्टनच्या रिंगा आणि क्लचचे पॅड नाशिकला जुन्या दुकानांत शोधावे लागतात, केबल सायकलीच्या केबलवरून बनवून घेता येते, आणि पायडलचे रबर तर सायकलीचेच बसते. गावात आता एकच मिस्त्री उरले आहेत ज्यांना प्लग पाहून, तो काळा आहे की तपकिरी, तेल जास्त पडते की कमी हे सांगता येते. भंगारवाला मध्ये येऊन वजनावर भाव सांगून गेला. मामा म्हणाले, "इकायची कशाला? ती काय खायाला मागते?" या उन्हाळ्यात नोंदणीची मुदत पुन्हा संपते आहे. अर्ज आता संगणकावर भरावा लागतो, आणि घरात संगणकावर अर्ज भरता येणारा मी एकटाच आहे.